शब्दाचं वय विचारणारे सर

सर घाबरट होते. हे आधीच सांगून टाकते, कारण शिरूरमध्ये आता लोक त्यांना शूर म्हणायला लागले आहेत आणि ते खरं नाही. कुलूप लागलं की नाही हे बघायला ते चौकातून परत यायचे. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाची बाही धरायचे. फोन वाजला की आधी पाणी प्यायचे, मग उचलायला जायचे. तोवर तो बंद झालेला असायचा, आणि कोण असेल, काय झालं असेल, या काळजीत त्यांची संध्याकाळ जायची.

त्यांची सगळ्यात मोठी काळजी मात्र इंग्रजी शब्दांची होती. घराबाहेर पडलेल्या पोरांची करावी तशी. कुठून निघाला, वाटेत कुणाच्या संगतीला लागला, आज कुणाच्या तोंडात शिरून काय करतोय. एसटी स्टँडजवळच्या एका खोलीत ते इंग्रजीचे वर्ग घ्यायचे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर एक जुना फळा होता. पूर्वी त्यावर कुणी सभेची वेळ लिहायचं, कुणी श्रद्धांजली. सरांनी तो मालकाकडून मागून घेतला. रोज सकाळी ते फळा ओल्या फडक्यानं पुसायचे, खडूनं एक इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचे आणि खाली मराठीत त्याचं पूर्वायुष्य. शब्द निवडण्याचा नियम त्यांनी स्वतःवरच घालून घेतला होता. आदल्या दिवशी जो शब्द सगळ्यात जास्त कानावर पडला, तोच लिहायचा. स्वतःच्या आवडीचा शब्द त्यांनी कधीच लिहिला नाही. आवड आली की माणूस शब्दाची बाजू घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

समोरच कंपनीच्या बस थांबायच्या आणि बाजूला शेतमजूर बायकांचा अड्डा होता, त्यामुळे वाचणारे भरपूर. एकदा 'डेडलाइन' लिहिलं होतं. अमेरिकेतल्या एका युद्धात कैद्यांच्या छावणीत एक रेघ आखलेली असे, ती ओलांडणाऱ्याला गोळी घालत, ती रेघ म्हणजे डेडलाइन. ते वाचून बसची वाट बघणारा एक सुपरवायझर म्हणाला, "आमच्याकडं अजून तीच चालू हाय, सर." सगळे हसले. सर हसले नाहीत. तो पोरगा नीट जेवतो का, याची त्यांनी पुढे कितीतरी दिवस चौकशी केली. बसमध्ये कंडक्टरचा धक्का लागला आणि तो 'सॉरी' म्हणाला, तेव्हा सरांनी त्याला कुठं दुखतंय असं विचारलं होतं, कारण तो शब्द मुळात दुखण्याच्या घरातला. पूर्वी मुलगा असो की मुलगी, कुठल्याही लहान पोराला 'गर्ल' म्हणत, हे त्यांनी वर्गात सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरचा एक पैलवान आठवडाभर फिरकला नाही.

"शब्दाला आधी वय विचारावं," ते म्हणायचे. वय ते नात्यात सांगायचे. हा तुझ्या पणजोबांच्या बरोबरीचा, हा कालचं पोर, हा इतका म्हातारा की त्याला ओळखणारं कुणी उरलं नाही.

मी तळेगाव ढमढेरेहून बसनं त्यांच्या वर्गाला यायचे. आमच्या घरात देवघर नव्हतं. त्या जागी वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते आणि त्यांतली ठळक अक्षरं लावतच मी वाचायला शिकले. त्यामुळे कुठलाही शब्द मी हातात घेतला की आधी कुणावर फेकायचा ते बघायचे. 'व्हिलन' म्हणजे मुळात जमीनदाराच्या वाडीवर राबणारा गडी, आणि गड्याचा बदमाश पुढे मालकांच्या तोंडी झाला, हे सरांनी सांगितलं त्या दिवशी मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं आणि सकाळी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, माझ्या पिशवीत परत टाकलं.

"मी फक्त वय सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू लगेच लग्न ठरवून आलीस."

या एका गोष्टीवरून आमचं कायम वाजायचं. मी म्हणायचे, माहीत असून गप्प बसणं हा गुन्हा आहे. ते म्हणायचे, मी गप्प कुठं आहे, रोज लिहितो की. आणि मग खिडकीतून बाहेर बघून यायचे, कुणी ऐकत तर नाही ना.

त्यांचे आजोबा शिरूरचे मन्यार, म्हणजे बांगड्या विकणारे आणि बायकांच्या हातात त्या भरणारे. वडील रेल्वेत लागून दौंडला गेले, म्हणून सर रेल्वेच्या क्वार्टरात वाढले. गार्ड आणि ड्रायव्हर लोकांची इंग्रजी त्यांनी तिथं ऐकली. ते शब्द त्यांना मालगाडीतून उतरवलेल्या पोत्यांसारखे वाटायचे. बाहेर शिक्का एक गावचा, आत माल भलताच. पुढे वरवंडला शाळेत नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ते शिरूरला धाकट्या भावाकडे आले. भावानं आजोबांचा धंदा धरला होता. आठवडी बाजारात बायका त्याला मन्यार मामा म्हणत. इंग्रजांनी आपल्या बांगडीवरूनच 'बँगल' केलं, हे सरांनी त्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

तो म्हणाला, "गेली तर जाऊ द्या, भाईजान. वाटंत फुटली न्हाई म्हंजी झालं."

शिरूरपासून जीपनं अर्ध्या तासावर एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तसं गाव आता कुठंही सापडेल. तिथला बाजार मामाचा मुख्य बाजार. लग्नसराई तोंडावर होती, हिरव्या चुड्यांचा माल त्यानं भरून ठेवला होता, आणि तेवढ्यात त्या गावातल्या लोकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरायला लागला. बाजारात 'त्यांच्याकडून' काही घ्यायचं नाही. आपल्या बायकांचे हात त्यांच्या हातात द्यायचे नाहीत. बॉयकॉट. गावच्या सोसायटीचा चेअरमन, मोठा बागायतदार, गावात ज्याला सगळे दादा म्हणतात, त्यानं तो मजकूर सगळ्यांना पाठवला आणि देवळापुढे बोलूनही दाखवला. हा दादा वरवंडच्या शाळेत सरांच्या हाताखाली शिकलेला.

तो शब्द मग सगळीकडे ऐकू यायला लागला. स्टँडवर, चहाच्या गाड्यावर, जीपमध्ये. कुणी रागानं, कुणी गमतीनं, कुणी दबक्या आवाजात. आणि ज्यांना सरांचा नियम माहीत होता त्या सगळ्यांना कळून चुकलं की उद्या फळ्यावर काय येणार.

संध्याकाळी मामा वर्गात आला. मी तिथंच होते. तो बसला नाही. चपलाही काढल्या नाहीत.

"भाईजान, उद्या दुसरं कायतरी लिवा," तो म्हणाला. "मला त्या बाजारात जायचंय. दोन पोरी हायेत माझ्या. तुमच्या फळ्यापायी माझी पथारी उठाया नको."

सर घामाघूम झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, आता नाही लिहायचं तर कधी. मी रात्री पत्रक तयार करते, चौकात वाटते, नावानिशी. मामानं माझ्याकडे बघितलं त्या नजरेत राग नव्हता. विस्तवाजवळ खेळणाऱ्या लहान पोराकडे बघावं तसं त्यानं बघितलं.

"पत्रक नको," सर म्हणाले. मग भावाकडे वळून म्हणाले, "आणि दुसरा शब्दही नको. मी आज दुसरा ऐकलाच नाही रे. खोटा शब्द कसा लिहू?"

मामा तसाच निघून गेला.

सकाळी फळ्यावर जे होतं ते मला जवळजवळ पाठ आहे. 'बॉयकॉट. हे एका माणसाचं आडनाव. तो आयर्लंड देशात एका जमीनदाराचा कारभारी होता. खंडानं जमीन कसणाऱ्या गरिबांना तो जमिनीवरून काढायला निघाला. लोकांनी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याच्या शेतावर कुणी कापणीला गेलं नाही. त्याचे कपडे कुणी धुतले नाहीत. दुकानदारानं त्याला सामान दिलं नाही. पीक काढायला शिपाई आणि परगावचे मजूर आणावे लागले. शेवटी तो देश सोडून गेला. त्याचं आडनाव मात्र मागं राहिलं आणि क्रियापद झालं. वय: आपल्या पणजोबांच्या आगेमागे.'

बस. खाली ना त्या गावाचं नाव, ना दादाचं, ना एखादं ठणठणीत वाक्य. मी चिडले. इतकं सगळं हाताशी असताना माणूस शेवटची ठिणगी टाकत नाही म्हणजे काय. सर खोलीचं दार आतून लावून बसले होते आणि फटीतून बघत होते. काही माणसं वाचून पुढे गेली. एकानं फोटो काढला, तेव्हा सर पाणी प्यायला उठले.

मजूर अड्ड्यावर टोळीची मुकादम आक्का उभी होती. पन्नाशीची बाई, डोक्याला रुमाल, हातात खुरपं. जीप यायला वेळ होता म्हणून तिनं सावकाश, बोट लावून सगळा फळा वाचला. मग टोळीतल्या बायकांना जमवून परत एकदा मोठ्यानं वाचला. त्या दिवशी त्यांचं काम दादाच्या शेतावर होतं. कांदा काढायला आलेला होता. जीप आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आक्का जागची हलली नाही. बायकाही हलल्या नाहीत. ड्रायव्हरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, आज दादाकडं कुणी येणार न्हाई.

मी धावत तिच्याकडे गेले. मला वाटलं, कुणीतरी हिला आधी भेटलं असेल, समजावलं असेल, संघटना असेल. तसं काही नव्हतं.

"आमाला ठावंच नव्हतं, असं बी करता येतं," ती म्हणाली. "माझ्या लेकीचा चुडा मामानं भरला. त्यो दादा म्हणतो घ्यायचं न्हाई. मग आमी म्हणतो जायचं न्हाई. फळ्यावर लिवलंय की कसं करायचं."

मी सरांना हे सांगायला गेले तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते म्हणाले, मी कसं करायचं ते लिहिलं नाही, मी काय झालं ते लिहिलं. मी म्हटलं, लोकांनी वाचलं. ते म्हणाले, लोकांचं हातावरचं पोट, दादा दुसऱ्या गावच्या टोळ्या आणेल, ह्यांना परत कुणी बोलावणार नाही, आणि भावाला तर तो जाळून टाकेल. ते त्याच त्याच गोष्टी बोलत राहिले. दुसऱ्या दिवशीही सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द होता म्हणून फळ्यावर तोच राहिला, आणि बायकाही गेल्या नाहीत. इतर टोळ्यांनीही लग्नसराईचं, आजारपणाचं, काहीबाही कारण सांगून पाय मागे घेतला. आणि मोबाईलवर हवामान खात्याचे इशारे यायला लागले. अवकाळी पाऊस, विजा, गारा. आभाळ भरून यायचं आणि न पडताच थांबून राहायचं. काढणीला आलेला कांदा जमिनीत होता. पावसानं भिजला की तो सडतो, हे आमच्या भागात पोरालाही सांगावं लागत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला एसटी स्टँडवर दिसले. हातात पिशवी, गळ्याला मफलर, दौंडच्या बसमध्ये खिडकीजवळ बसलेले. दौंडला त्यांची बहीण असते. मी खिडकीखाली उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. पळपुटे म्हटलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना मान्यच होतं. बस सुरू झाली, थोडी मागे सरकली, आणि मग थांबली. सर पिशवी घेऊन उतरत होते.

"फळा पुसायचा राहिला," ते म्हणाले. "कालचाच शब्द आजचा म्हणून लोक वाचतील."

आम्ही वर्गाशी आलो तर दादा फळ्यासमोर उभा होता. मोटारसायकल स्टँडला लावलेली, पायांत मातीनं भरलेले बूट, डोळे जागलेले. सरांनी माझी बाही धरली. दादा वाकून त्यांच्या पाया पडला. ती सवय सुटत नाही. मग उभा राहून म्हणाला, "सर, हे पुसा."

"पुसतोच. रोज पुसतो," सर म्हणाले. "पण वाचलेलं कसं पुसू?"

"मग त्या बायकांना सांगा की ते आयर्लंडचं हाय. तिकडचं तिकडं."

"ते लिहिलंय की. पहिल्याच ओळीत."

दादानं आभाळाकडे बघितलं. मग एकदम आवाज चढवला, की माझा कांदा सडवून तुम्हाला काय मिळणार, मी तुमचा विद्यार्थी, तुमच्या भावाचं मी काय वाईट केलं. सर मागे सरकून भिंतीला टेकले. पण वर्गात ते ज्या आवाजात प्रश्न विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "तू हा शब्द कुणाकडून घेतलास?"

"कुठला?"

"हाच."

"मोबाईलवर आला."

"कुणी पाठवला?"

"पुढून आला, सर. आता कुणी म्हणून सांगू. शंभर गावांत फिरतोय."

"तुला त्याचं वय माहीत होतं?"

दादा नापास झालेल्या मोठ्या माणसासारखा उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, "आमच्या घरातल्या बाया मामाकडंच भरतात. मला काय ठावं न्हाई का. पण सगळे म्हणत व्हते. गावात मागं राहून चालत न्हाई, सर."

सर म्हणाले, "मला पण भीती वाटते रे."

एवढंच. मी तिथं होते, आणि मला अजून वाटतं की त्या जागी दुसरं कुठलंही वाक्य, माझ्या वडिलांच्या सगळ्या पत्रकांतलं सगळ्यात धारदार वाक्यसुद्धा, फुकट गेलं असतं. तरी तेव्हा मी मनातून चरफडत होते. त्यांनी फळा पुसला आणि नवा शब्द लिहिला. 'अलर्ट. इटलीतली हाक. पहारेकऱ्याला सांगत, उंचावर जा आणि बघ.' आदल्या दिवशी मोबाईलवर तोच सगळ्यात जास्त वाजला होता. दादानं तो वाचला, मोटारसायकल चालू केली आणि गेला.

दुपारपर्यंत त्यानं दुसरा मजकूर पाठवला, की बाजारात ज्याला ज्याच्याकडून घ्यायचं त्यानं घ्यावं. तो त्यानं आक्काला फोन करून वाचूनही दाखवला. संध्याकाळच्या जीपनं बायका कांद्यावर गेल्या. पाऊस पडला नाही. मी लगेच पत्रक लिहायला घेतलं, मथळा 'विजय'. सरांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला नाही, पण म्हणाले, आधी बाजार होऊ दे.

बाजारच्या दिवशी मामानं पथारी मांडली. आम्ही दोघं लांब, भाजीच्या ओळीच्या टोकाला उभे होतो. बायका आल्या, आणि भरपूर आल्या. डझनाच्या डझन बांगड्या दोऱ्यात बांधून घेतल्या, सांगितला तो भाव दिला आणि निघून गेल्या. मी सरांना कोपरानं ढोसलं, बघा. ते बघतच होते. बाजार उठल्यावर मामाजवळ गेलो तर तो रिकाम्या पेट्यांपुढे बसून होता.

"विकलं," तो म्हणाला. "समदं विकलं. पण एकीनं बी हात पुढं केला न्हाई, भाईजान. घरी नेऊन घालतील. विकणं झालं. भरणं न्हाई झालं."

मन्यार बांगडी नुसती विकत नाही. बाई त्याच्यासमोर बसते, हात त्याच्या हातात देते, तो बोटांची पेरं दाबत दाबत, काच न फोडता ती चढवतो, आणि भरून झाल्यावर बाई त्याला नमस्कार करून उठते. लहान असो, मोठी असो, कुठल्याही घरची असो. मामाचे आजोबा, वडिलांचे चुलते, सगळ्यांनी त्या गावच्या बायकांचे हात असे धरले होते. आता कुणी मनाई करत नव्हतं, आणि हात मात्र येत नव्हते. माझं पत्रक पिशवीतच राहिलं. ह्याच्यावर काय लिहायचं आणि कुणाविरुद्ध, ते मला कळेना.

पुढच्या बाजाराला मामा जायला तयार नव्हता. दौंडच्या बाजारात बसतो म्हणाला, तिकडं कुणी ओळखत न्हाई ते बरं. सर म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर. ज्या माणसाला चौक ओलांडायला बाही लागते, तो जीपच्या मागच्या बाकड्यावर काचेच्या पेट्या मांडीवर घेऊन बसला. पथारीवर ते भावाच्या शेजारी अवघडून बसले, मी मागे उभी राहिले. माल कसा ओरडून विकायचा ते त्यांना येत नव्हतं. कुणी थांबलं की ते आधी घाबरायचे आणि मग खुर्ची नसताना बसा म्हणायचे.

दुपारपर्यंत तसंच चाललं. डझन, दोरा, पैसे, की बायका निघाल्या. मग आक्का आली. कामावरून तशीच आली होती, हातावर कांद्याच्या मातीचे थर तसेच होते. ती पथारीवर बसली आणि डावा हात पुढे केला. कामानं तिची पेरं फुगलेली, तळवा लाकडासारखा. मामानं मापाच्या बांगड्या शोधल्या, एक फुटली, तिनं त्याला दोन शब्द ऐकवले, त्यानं तिला ऐकवले, तिनं किमतीवरून भांडण काढलं. शेजारचा मसालेवाला हसला. भरून झाल्यावर तिनं खाली वाकून नमस्कार केला आणि उठून गेली.

तिच्या मागे एक बाई बराच वेळ उभी होती. ती दादाची धाकटी भावजय, हे मला नंतर कळलं. मामाला लगेच कळलं असावं, कारण त्याची मान खाली गेली. ती इकडेतिकडे न बघता बसली. हात पुढे केला, पण मूठ घट्ट मिटलेली. मामानं तो हातात घेतला. सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"हात ढिला सोडा, ताई," मामा म्हणाला.

तिचा हात ढिला होईना. त्याचाही होईना. बाजारातला आवाज चालू होता आणि त्या पथारीवर दोघं तसेच बसून होते. मग कधीतरी तिची मूठ उघडली, आणि पहिली बांगडी पेरावरून आत गेली.